कुंचला कोण बांधणार?

जपानच्या क्यूशू बेटावर अरिता नावाचं गाव आहे. तिथल्या एका देवळाची कमान चिनी मातीची आहे, पांढऱ्यावर निळी वेलबुट्टी, १८८८ साली भट्टीत भाजून उभी केलेली. देवळाकडे जाताना पायऱ्यांच्या मधूनच आगगाडीचे रूळ जातात, ते ओलांडून वर जावं लागतं. मागच्या टेकडीवर १९१७ साली उभारलेला एक दगडी स्तंभ आहे. तो ज्याच्या स्मरणार्थ आहे तो माणूस कोरियन होता. त्याचं नाव ई साम-प्योंग. जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी, त्याने १५९२ ते १५९८ या काळात कोरियावर दोनदा स्वारी केली. त्या स्वाऱ्यांत जपानी सरदारांनी भांडी लुटून आणली, तशी भांडी घडवणारी माणसंही पकडून आणली. नाबेशिमा घराण्याच्या मुलखात आलेल्या या कुंभाराला १६१६ च्या सुमारास इझुमियामाच्या डोंगरात हवा तसा पांढरा दगड सापडला आणि जपानमध्ये पोर्सिलेन (चिनी मातीची भांडी) सुरू झालं, असं अरितात मानतात. कागोशिमाकडच्या सात्सुमा भांड्यांची आणि हागीच्या चहाच्या वाडग्यांची जन्मकथाही याच जातीची आहे.

हे जपानला उणं दाखवायला सांगत नाही. अरिताकरांनी स्वतःच स्तंभ उभारला, दरवर्षी तिथे उत्सवही करतात. (१९१७ मध्ये कोरिया जपानच्या ताब्यात होता हे मात्र लक्षात ठेवायला हवं. कृतज्ञतेलाही आपला काळ असतो.) मला बोलायचंय ते आजच्या एका प्रश्नाबद्दल. जपानच्या प्रांतोप्रांतीच्या हस्तकला आज मरणपंथाला लागल्या आहेत आणि त्या वाचवण्यासाठी सरकार, संग्रहालयं, पर्यटन खाती सगळी धडपडत आहेत. पण वाचवायचं म्हणजे नेमकं काय, याचं उत्तर चुकतंय असं माझं मत आहे. ते का चुकतंय हे कळायला या कलांचा उगम नीट पाहावा लागतो. माहितीपत्रकात छापलेला उगम त्यासाठी पुरत नाही. माहितीपत्रकात सहसा एक रसिक सरदार असतो, तो क्योतोहून एका थोर कारागिराला बोलावतो, आणि मग चारशे वर्षं सगळं सुरळीत चालतं.

ओकिनावाच्या नैऋत्येला मियाको बेटं आहेत. तिथलं रॅमीचं कापड, मियाको-जोफू, जपानच्या सगळ्यात तलम कापडांत गणलं जातं. झुडपाची साल सोलायची, शिंपल्याने खरवडून तिचे धागे काढायचे, नखाने ते केसासारखे बारीक चिरायचे आणि टोकाला टोक पिळून जोडत जायचं. एका पोशाखाचं सूत व्हायलाच महिनेच्या महिने लागतात. मग निळीत रंगवायचं, विणायचं आणि शेवटी लाकडी मोगरीने कापड इतकं कुटायचं की त्यावर मेण फासल्यासारखी चकाकी येते. इनाइशी नावाच्या एका बाईने विणलेलं कापड १५८३ साली र्‍युक्यूच्या (तेव्हाच्या ओकिनावाच्या राज्याच्या) राजाला नजर केलं, तिथून ही कला सुरू झाली, ही झाली गोड गोष्ट. पुढची तितकी गोड नाही. १६०९ मध्ये सात्सुमाच्या सरदारांनी र्‍युक्यू जिंकलं आणि १६३७ पासून या बेटांवर डोईपट्टी बसली. पुरुषांनी धान्य द्यायचं, बायकांनी कापड. साधारण पंधरा ते पन्नास वयाच्या बायका करापोटी विणत राहिल्या. हा कर रद्द झाला १९०३ साली, म्हणजे टोकियोत विजेची ट्राम धावायला लागली त्या वर्षी.

आज त्या कापडाकडे बघून आपण म्हणतो, काय ही चिकाटी! चिकाटी होतीच, पण ती मोजायला उभा असलेला कारकूनही होता. कापडात दोष निघाला तर बाईची सुटका नव्हती.

सगळीकडे इतकी जबरदस्ती नव्हती, हेही खरं. निईगाताच्या एचिगो भागात चार-पाच महिने माणूसभर बर्फ. शेत बंद, रस्ता बंद. घरातल्या बायकांनी विणायचं नाही तर करायचं काय? कोरड्या हवेत रॅमीचा धागा तटकन तुटतो, बर्फाच्या दमट गारव्यात तो तग धरतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये ऊन पडलं की तयार कापड बर्फावर पसरतात आणि त्या चकाकत्या बर्फावर ते उजळतं. निसर्गाची ही सोय बघून मन हरखतं. पण अर्थशास्त्राच्या भाषेत या सोयीचा अर्थ एवढाच, की त्या महिन्यांत बायकांच्या वेळेला दुसरं गिऱ्हाईक नव्हतं.

कैदी कुंभार, कर भरणाऱ्या विणकरणी, बर्फात अडकलेलं शेतकरी कुटुंब, डोंगरातल्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर येणाऱ्या पाहुण्यांना लाकडी बाहुल्या विकून चार पैसे जोडणारे तोहोकूचे कातारी. या सगळ्यांत मला एकच गोष्ट दिसते. या कला ज्या वेळेवर उभ्या राहिल्या त्या वेळेला किंमत नव्हती. एका वाडग्यावर शंभर हात फिरवणं तेव्हा परवडत होतं, कारण हातांना पर्याय नव्हता. १९५५ नंतर जपानमध्ये कारखाने झपाट्याने वाढले, शहरं फुगली, गावातली पोरं रेल्वेने भरभरून टोकियो-ओसाकाला गेली आणि हातांना किंमत आली. हस्तकला ढासळल्या त्याचं मूळ इथे आहे. प्लास्टिकचे वाडगे, बदललेली आवड, पाश्चात्त्यांचं अनुकरण ही कारणं खरी आहेत, पण ती दुय्यम.

आता सरकारने काय केलं ते बघा. १९५० साली सांस्कृतिक वारसा संरक्षण कायदा आला. त्याखाली १९५५ पासून थोर कारागिरांना राष्ट्राच्या वतीने गौरवायला सुरुवात झाली. लोक त्यांना ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ म्हणतात. त्यांना वर्षाला वीस लाख येन मिळतात, शिष्य घडवण्यासाठी. मग १९७४ मध्ये दुसरा कायदा आला, पारंपरिक हस्तोद्योगांसाठी. त्याच्या अटी अशा: वस्तू रोजच्या वापरातली हवी, मुख्य काम हाताने व्हायला हवं, तंत्र आणि कच्चा माल साधारण शंभर वर्षांपासून चालत आलेले हवेत आणि त्या भागात किमान दहा उद्योग किंवा तीस माणसं त्या कामात हवीत. या यादीत आज सुमारे २४० कला आहेत. नाम्बूची (इवाते भागातली) लोखंडी किटली यादीत अगदी सुरुवातीला, १९७५ साली आली.

शंभर वर्षांची अट ऐकायला भारदस्त वाटते. क्योतोच्या निशिजिन विणकामाला ती लावून बघा. निशिजिन हे नाव पंधराव्या शतकातल्या ओनिन युद्धातल्या पश्चिमेच्या छावणीवरून पडलेलं, म्हणजे खानदान मोठं. पण तिथल्या किमोनोच्या जरतारी कमरपट्ट्यांवरची आजची नक्षी बहुतेक जाकार मागावर निघते. तो माग फ्रान्समधला, लियोंचा. राजधानी टोकियोला हलली, दरबारी गिऱ्हाईक गेलं, क्योतोचा धंदा बसला, तेव्हा १८७२ मध्ये तिथून तिघांना लियोंला धाडलं. दोघे परतले. तिसरा, योशिदा चुशिची, १८७४ मध्ये परतीच्या वाटेवर इझूच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडून गेला, घर दिसायच्या बेतात असताना. १९७४ च्या कायद्याच्या वेळी जाकार माग जेमतेम शंभरीचा होता. कायदा वीस वर्षं आधी आला असता तर कोणीतरी म्हणालं असतं, हा फ्रेंच माग आमच्या परंपरेत बसत नाही. अटीतली तारीख ही अशी कागदी गोष्ट आहे. निशिजिन वाचलं ते जुनं धरून ठेवल्यामुळे नव्हे, पोटासाठी समुद्र ओलांडल्यामुळे.

तीस माणसांची अट तर मला समजतच नाही. ज्या कलेत सात माणसं उरली आहेत तिला नव्याने दारातही यायला नको?

कायद्याने काही साधलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. प्रदर्शनं भरली, चिकटवायला अधिकृत शिक्का मिळाला, तरुण कारागिरांना शिष्यवृत्त्या मिळाल्या. तरीही आकडे बोलतात. सत्तरच्या दशकाच्या शेवटी या उद्योगांत पावणेतीन लाखांहून जास्त माणसं होती, ती आता पन्नास हजारांच्या आसपास आली आहेत. १९८३ च्या सुमारास उत्पादन ५४ हजार कोटी येनांचं होतं, आज त्याच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी.

चूक कुठे झाली, तर नजर वस्तूवर आणि उस्तादावर खिळून राहिली. वस्तूच्या मागे जी रांग उभी असते तिच्याकडे फार उशिरा, आणि तेही अर्ध्या मनाने, लक्ष गेलं. उरुशीचंच घ्या. उरुशी म्हणजे त्या नावाच्या झाडाचा चीक, लाकडी भांड्यांवर चकचकीत, टिकाऊ लेप द्यायला वापरतात तो. झाड दहा-पंधरा वर्षं वाढवायचं, मग एका मोसमात जून ते ऑक्टोबर दर चार-पाच दिवसांनी त्याच्या सालीवर आडव्या चिरा पाडून थेंब-थेंब चीक गोळा करायचा. मोसम संपला की झाड तोडून टाकायचं. एका झाडाचा चीक भरतो दोनशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे चहाचा एक मोठा कप. चिरा पाडायला लागते ती दुतोंडी सुरी, एका तोंडाने साल खरवडते, दुसऱ्याने आत रेघ ओढते. अशी सुरी घडवणारे लोहार आता जवळजवळ उरलेच नाहीत. चीक लाकडावर लावायचा सपाट ब्रश माणसाच्या केसांचा असतो, बायकांच्या लांब, सरळ, न रंगवलेल्या केसांचा. शिसपेन्सिलीत शिसं असतं तसे केस ब्रशच्या लांबीभर आत भरलेले असतात आणि टोक झिजलं की लाकूड तासून पुढचे केस मोकळे करतात. केस कुरळे करायची आणि रंगवायची फॅशन आल्यावर चांगले केस मिळेनासे झाले.

आणि चिकावर सोन्याची बारीक रेघ ओढायचा कुंचला? तो उंदराच्या केसांचा. घरातल्या उंदराचे केस चालत नाहीत, तो भिंतीबिळांतून फिरताना त्याची टोकं झिजतात. जुने कारागीर जहाजांत आणि धान्याच्या कोठारांत राहणाऱ्या उंदरांच्या पाठीवरचे केस मागत. आता ती लाकडी जहाजं गेली, कोठारं सिमेंटची झाली. म्हणजे सोन्याची रेघ ओढणारा उस्ताद राष्ट्रीय ठेवा आहे, आणि त्याच्या हातातला कुंचला बांधणारा म्हातारा कुठल्या गल्लीत राहतो हे कोणाला ठाऊक नाही.

हातकागदाची गोष्ट तर आपल्या ओळखीची वाटावी अशी आहे. एचिझेन, मिनो इथला कागद होतो तुतीच्या जातीच्या कोझो झुडपाच्या सालीपासून. पण नुसता लगदा पाण्यात कालवून चाळणीवर घेतला तर पाणी भस्सकन खाली जातं आणि तंतूंच्या गुठळ्या बसतात. म्हणून त्या पाण्यात तोरोरो-आओई नावाच्या झाडाच्या मुळांचा चिकट रस घालतात. हे झाड भेंडीच्या सख्ख्या नात्यातलं. चिरलेली भेंडी पाण्यात टाकून ठेवली की जो बुळबुळीतपणा सुटतो, तोच इथे कामाला येतो. पाणी हळूहळू गळतं, कारागीर चाळणी पुढे-मागे हलवतो, लांब तंतू एकमेकांत गुंततात आणि कागद पातळ असूनही चिवट होतो. सेकिशू, मिनो आणि होसोकावा या तीन कागदांना २०१४ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत मान मिळाला. बातम्या झाल्या, छायाचित्रं झाली. पाचच वर्षांनी इबाराकी प्रांतातल्या मोजक्या शेतकऱ्यांनी, ज्यांच्याकडून देशातला बहुतेक तोरोरो-आओई येत होता, सांगून टाकलं की आमची वयं झाली, तण काढायला वाकवत नाही, आता हे पीक पुरे. कागद करणाऱ्या गावांचं धाबं दणाणलं. युनेस्कोच्या प्रमाणपत्रात भेंडीच्या या बहिणीसाठी एक ओळही नव्हती.

जाणकार लगेच म्हणतील, अहो, सरकारने १९७५ सालीच कायद्यात दुरुस्ती करून हत्यारं आणि कच्चा माल बनवणाऱ्यांचं कौशल्य जपायची सोय केली आहे. खरं आहे. चीक काढणं, कागदाच्या चाळण्या विणणं, तलवारीसाठी पोलाद गाळणं या गोष्टी त्या यादीत आहेत. पण ही सोय मुळात राष्ट्रीय वारसा मानलेल्या वास्तू आणि वस्तूंसाठी. रोजच्या वापराचे वाडगे करणाऱ्याला तिचा उपयोग आडूनच. आणि १९७४ च्या यादीत सुमारे २४० नावांपैकी साहित्य आणि हत्यारं या सदरात किती? तीन. कानाझावाचा सोन्याचा वर्ख, इसेचे कापड छापायचे कागदी साचे आणि शोगावाची कातलेली, चीक न लावलेली लाकडी भांडी. बाकी सगळा मान तयार मालाला.

यावर दुसऱ्या टोकाचे लोक विचारतात, मरत असेल तर मरू द्या ना. गरज होती तेव्हा जन्मल्या, गरज संपली, गेल्या. करदात्याने का पोसायचं? या प्रश्नाला नाक मुरडून चालत नाही. वर मीच म्हटलं की या कला स्वस्त हातांवर उभ्या होत्या, मग महाग हातांच्या काळात त्या का टिकाव्यात? माझं उत्तर असं, की सगळ्या टिकणार नाहीत, टिकवूही नयेत. डोईपट्टीच्या काळाइतकं कापड आता कोणी विणू नये. पण काही बाबतींत सरकार स्वतःच गिऱ्हाईक आहे, आणि तिथे त्याने गिऱ्हाइकासारखं वागावं. बक्षिसापेक्षा मागणी मोठी असते.

याचा पुरावा जपानमध्येच आहे. जपानमध्ये वापरली जाणारी उरुशी कित्येक वर्षं जवळजवळ सगळी चीनहून येत होती. राष्ट्रीय वास्तूंच्या दुरुस्तीतही ती वापरली जायची. २०१५ मध्ये सांस्कृतिक खात्याने सांगितलं, राष्ट्रीय वारसा वास्तूंच्या दुरुस्तीला यापुढे देशी उरुशीच वापरायची. तोवर देशातलं उत्पादन वर्षाला जेमतेम एक टन होतं. थोड्या वर्षांत ते दोन टनांच्या आसपास गेलं. इवाते प्रांतातल्या जोबोजी या डोंगराळ गावात, जिथे देशी उरुशीचा मोठा हिस्सा निघतो, बाहेरून तरुण मुलं-मुली चीक काढायला शिकायला येऊ लागली. कोणाला पदक दिलं नाही, कोणाचा पुतळा उभारला नाही. यापुढे देशी माल घेणार एवढं सांगितलं, तेव्हा कोणी झाड लावायला तयार झालं. पंधरा वर्षांनी चीक देणारं झाड दुसऱ्या कशाच्या भरवशावर लावायचं?

आणि नेमकं उलटं उदाहरणही सरकारचंच. जपानी नोटांच्या कागदात मित्सुमाता झुडपाची साल असते. ही साल देशातले डोंगराळ शेतकरी पुरवत. ते म्हातारे झाले, भाव परवडेना, आणि आता त्या सालीचा मोठा हिस्सा नेपाळच्या पहाडांतून येतो. नेपाळच्या शेतकऱ्याला चार पैसे मिळतात याचं मला वाईट वाटत नाही. पण ज्या सरकारने एका हाताने हातकागदाला वारशाचा टिळा लावला, त्याच्याच नोटा छापणाऱ्या छापखान्याला देशातली साल महाग वाटावी, यात काहीतरी विसंगत आहे.

बाजारावरही सगळंच सोडू नये आणि बाजाराला शत्रूही मानू नये. नाम्बूची काळी किटली युरोपातल्या गिऱ्हाइकाला जड आणि उदास वाटली, तेव्हा तिथल्या भट्ट्यांनी लाल, हिरव्या, गुलाबी रंगाच्या, आतून एनॅमल लावलेल्या चहादाण्या काढल्या. शुद्धतावादी हळहळले. माझ्या मते भट्टी पेटती राहिली हे जास्त महत्त्वाचं. लोकांच्या वापरातल्या, सही नसलेल्या वस्तूंचं सौंदर्य जगाला दाखवणाऱ्या यानागी सोएत्सूने १९३६ मध्ये टोकियोत लोककलेचं संग्रहालय उघडलं. तो निनावी कारागिराचा चाहता होता, आणि आज त्याच्या वर्तुळातल्या कुंभारांच्या बश्या त्यांच्या नावावर लिलावात विकल्या जातात. बाजार कोणाच्या तत्त्वाला जुमानत नाही. म्हणून तत्त्व सांगत बसण्यापेक्षा, विकल्या गेलेल्या बशीचे पैसे मातीवाल्यापर्यंत पोचतात का, हे विचारावं.

हा प्रश्न आपल्यालाही टाळता येण्यासारखा नाही. आपल्याकडे गाजावाजा होत असलेली ‘एक जिल्हा एक उत्पादन’ योजना ज्या कल्पनेवर आधारली आहे ती जपानच्या ओइता प्रांतात १९७९ साली तिथले राज्यपाल हिरामात्सू मोरिहिको यांनी मांडली, ‘एक गाव एक उत्पादन’. म्हणजे जपानची नजर आपण घेतली आणि जपानची चूकही सोबत आली. पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, फार चांगलं झालं. पण पैठणीचं रेशीम बंगळुरूकडून येतं, जर सुरतेहून. धोटा करणारा, फणी भरणारा, रंगारी हे त्या मानांकनाच्या कागदावर कुठे आहेत? येवल्याच्या दुकानात काचेमागे मोर झळकतात. ते मोर विणायला ज्या गोष्टी लागतात त्यांची यादी मात्र आपणही केलेली नाही.

१ जानेवारी २०२४ ला, नववर्षाच्या दिवशी, नोतो द्वीपकल्पात ७.६ तीव्रतेचा भूकंप झाला. वाजिमा गावातला शेकडो वर्षांचा सकाळचा बाजार आगीत गेला, दोनशेहून जास्त इमारती जळाल्या. सप्टेंबरमध्ये त्याच भागाला पुराने गाठलं. वाजिमाची उरुशीची भांडी जपानमध्ये सर्वांत टिकाऊ मानतात. लाकडाच्या काठांना आधी कापड चिकटवायचं, मग तिथल्याच डोंगरातली माती भाजून, दळून, चिकात मिसळून तिचे थर चढवायचे, घासायचे, पुन्हा चढवायचे. शंभराहून जास्त टप्पे. लाकूड कातणारा वेगळा, अस्तर देणारा वेगळा, घासणारा, वरचा हात देणारा, सोन्याची नक्षी काढणारा, सगळे वेगळे. आजवर ही माणसं एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर राहत होती, अर्धा झालेला वाडगा शेजारच्या गल्लीत हाताने नेऊन देत होती. आता कोणी कानाझावाला भावाकडे गेलंय, कोणी तात्पुरत्या घरात आहे. देशभरातून मदत आली, वाजिमाच्या वाडग्यांना एकदम मागणीही आली. तरीही उस्तादाच्या घरी पुन्हा कुंचला उचलला जाईपर्यंत लाकूड कातणाऱ्याकडे लेथ हवी, लेथ ठेवायला छप्पर हवं, छपराचं भाडं परवडेल इतकी कातकामाची मजुरी हवी. पुनर्वसनाच्या यादीत मी असेन तर पहिलं घर त्या कातणाऱ्याचं बांधेन आणि दुसरं डोंगरातली माती भाजणाऱ्याचं. संग्रहालयाचं छप्पर गळत असेल तर ते आणखी एक पावसाळा ताडपत्रीखाली काढेल.